भिंतीवरची पेटी

७ ऑगस्ट २००६, सोमवार

टायपरायटर गेले. सकाळी हुबळीचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला आणि जेवणाच्या आत रस्त्याकडची खोली मोकळी झाली. मामंजी पडवीत आरामखुर्चीवर बसून होते. एकेक मशीन बाहेर निघालं की भंगारवाल्याला सांगायचे, "ह्याचा ई अडकतो, बघ. जरा तेल सोडायचं." तो बिचारा मान हलवायचा. त्याला ई काय आणि एफ काय, सगळं किलोवर.

टेबलांच्या खणातलं सामान मीच एका खोक्यात भरून देऊन टाकलं. रिबिनी, कार्बन, तेलाची बाटली, ब्रश. टेम्पो गेल्यावर लक्षात आलं की मामंजींचं पितळी उदबत्तीचं घरही त्यातच गेलं. टायपिंगचा क्लास सुरू झाल्यापासून रोज सकाळी मशीनना उदबत्ती ओवाळून ते त्यात खोचून ठेवायचे. मी टेम्पोमागे धावणार होते, पण मामंजी काही बोलले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

रात्री पानावर बसल्यावर म्हणाले, "लक्ष्मी, तुझं काम तू कर. मी आड येणार नाही. पण त्या खोलीत मी आता पाय ठेवणार नाही. हा माझा शब्द." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हे होते तेव्हा मामंजींशी जे बोलायचं ते हेच बोलायचे. आता आम्ही दोघंच, आणि मध्ये कोणी नाही.

वरदच्या भरवशावर हा उद्योग मांडला आहे. तो मामंजींचाच विद्यार्थी, आता बेंगळूरला कंपनीत मोठ्या जागेवर आहे. परदेशातले डॉक्टर रोग्यांची माहिती बोलून ठेवतात, ते आवाज नेटवरून आमच्याकडे येणार, आम्ही ऐकून टाइप करायचं आणि चारच्या आत परत पाठवायचं. दसऱ्यापर्यंत परीक्षा. पास झालो तर कायमचं काम. अटी दोनच, पण दोन्ही सुळावरच्या पोळ्या: काम उशिरा जाता कामा नये, आणि रोग्यांच्या माहितीवर परक्याची नजर पडता कामा नये. "काकू, दुसरी अट मोडली तर मी काहीच करू शकणार नाही," असं वरदनं दोनदा सांगितलं.

मला भीती वाटते. इथे लिहिते, कारण घरात सांगण्यासारखं कोणी नाही.

१६ ऑगस्ट, बुधवार

टेलिफोनवाले गुरुराज आले. खिडकीवरच्या झरोक्यातून वायर आत घेतली, फोन आणि नेट वेगळं करणारी डबी बसवली, आणि हात झाडले. मी म्हटलं, राउटर तेवढा लावून द्या. तर म्हणाले, "अक्कावरे, आमचं काम भिंतीपर्यंत. पेटीचं आम्हाला गोत्तिल्ला, ठाऊक नाही. पुस्तक आहे की, बघून करा."

पुस्तक आहे. इंग्रजी, बारीक टाइप, आणि प्रत्येक पानावर सावधानतेचा त्रिकोण. मला तो त्रिकोण बघूनच घाम फुटला.

१७ ऑगस्ट, गुरुवार

लागला. मी लावला. हे वाक्य पुन्हा लिहावंसं वाटतं.

वायर वरून येते आणि आखूड आहे, म्हणून पेटी भिंतीला दोन खिळ्यांवर टांगली, वायरींचं तोंड वर करून. त्या तोंडाला एका ओळीत सगळं आहे: विजेचं भोक, फोनचं, चार कॉम्प्युटरांची चार, आणि शेवटी एक अगदी बारीक छिद्र. त्याचा उपयोग कळला नाही. हवेसाठी असावं.

मग कॉम्प्युटरवर पुस्तकातला आकडा घातला. पेटीच्या आतलं पान उघडलं. तिथे टेलिफोन खात्यानं दिलेलं नाव आणि शब्द भरायचा. मी भरला, काही झालं नाही. पुन्हा भरला. तिसऱ्यांदा बघितलं तर नावातला एक ठिपका गाळला होता. आयुष्यभर पोरींच्या चुकांवर लाल शाई ओढली आणि स्वतः ठिपका गाळते. तो घातला आणि पेटीच्या पोटावरचा शेवटचा दिवा हिरवा झाला. मी चक्क हात जोडले.

कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. नवा कुणाला सांगितलेला नाही, इथेही लिहीत नाही. वायरशिवाय चालणारं नेट बंद करून टाकलं. वरदनं फोनवर सांगितलं तसं एकेक दार लावत गेले. शेवटी तो म्हणाला, "काकू, आता तुमच्या पासवर्डशिवाय आत कोणी शिरणार नाही."

रात्री मामंजींना म्हटलं, "आता हे घर त्या पेटीवर चाललंय. तिचे दिवे हिरवे असतील तोवर आपलं बरं." त्यांनी घास हातात धरून विचारलं, "कुठं टांगलीस?" मी म्हटलं, तुमची शारदेची तसबीर होती तिथेच. खिळे आयते होते.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

काम सुरू होऊन आठवडाही झाला नाही आणि आज हे.

सकाळी खोलीत गेले तर टायपिंगला ठेवलेली सरिता पेटीसमोर उभी. "मॅडम, नेट नाही." शेवटचा दिवा विझलेला. पेटीच्या आतलं पान उघडायला गेले तर माझा पासवर्ड चालेना. वेलांट्या-ठिपके तपासले, चालेना. शेवटी हताश होऊन पुस्तकातला कारखान्याचा पासवर्ड घातला, आणि दार उघडलं. आत सगळं कोरं. मी भरलेलं नाव, शब्द, लावलेली दारं, काही नाही. पाटी पुसावी तसं पुसलेलं.

मी पुस्तकातून वाचत गेले आणि आकडे सरितानं घातले. दुपारी उशिरा नेट आलं. चारच्या ठोक्याला काम गेलं.

वरदला फोन केला. त्यानं दिवे कसे होते ते विचारलं. मग म्हणाला, "अशी पेटी आपोआप कोरी होत नाही, काकू. कोणीतरी आत शिरलं असेल. पासवर्ड बदला. आणि खोलीत कोण कोण येतं ते बघा."

पासवर्ड बदलला. खोलीत येतो कोण? मी, सरिता, आणि दहानंतर येणाऱ्या दोन मुली. त्या दोघी तर पोचल्याही नव्हत्या.

१ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा. तसंच. कोरं.

आणि आज आणखी एक. पेटीखालच्या टेबलावर राख होती. चिमूटभर, करडी. मी बोटावर घेऊन बघितली. सिगारेटची. वास मात्र सिगारेटचा नव्हता, पण शेजारीच देवघर, सकाळच्या उदबत्तीत सगळे वास बुडून जातात.

म्हणजे कोणीतरी ह्या खोलीत उभं राहून, सिगारेट ओढत, माझ्या पेटीत हात घालतं. हे लिहितानाही मानेवर काटा येतो. मी सकाळी पलीकडच्या न्हाणीघरात असते आणि इथे, भिंतीच्या अलीकडे, तो उभा असतो.

५ सप्टेंबर, मंगळवार

आजही. मला वाटलं होतं, शुक्रवारच त्याचा दिवस.

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. मामंजी कधी दारात आले कळलं नाही. विचारलं, "पेटी बिघडली काय?" मी म्हटलं, कोणीतरी त्रास देतंय मामंजी, कोण ते कळत नाही. ते परत गेले. मग देवघरात बराच वेळ घंटेचा आवाज येत होता. ह्या घरात माझ्यावर आकाश कोसळलं तरी त्यांची पूजा चुकायची नाही. मला राग आला, मग रागाची लाज वाटली.

रात्री जेवले नाही. भूकच नव्हती.

८ सप्टेंबर, शुक्रवार

आज पहाटेच वाटत होतं, आणि तसंच झालं. आता मला सगळं पाठ आहे. आकडा, नाव, ठिपका, दारं. चहा निवायच्या आत पेटी पुन्हा उभी करते. पण भीतीला त्याचा काही उपयोग नाही. मी दार लावते आणि तो उघडतो. मी पुन्हा लावते.

वरदला आजचं सांगितलं नाही. विचारलं तर म्हटलं, सगळं ठीक. परक्याची नजर पडता कामा नये ही त्याची अट, आणि मी त्याच्याशी गोड आवाजात खोटं बोलले.

किल्ल्या दोनच. एक देवघरातल्या खिळ्याला, एक सरिताजवळ. ती नवनगरहून पहिल्या बसनं येते, खोली उघडते, झाडते, मशीन सुरू करते, मग माठ भरायला मागे विहिरीवरच्या नळाकडे जाते. आज तिला समोर बसवून विचारलं, "सरिता, खरं सांग. सकाळी मी यायच्या आधी ह्या खोलीत कोण येतं?"

तिनं मान खाली घातली. ही मुलगी मी तिच्या परकर-पोलक्यापासून ओळखते. अळणावरच्या बाजूच्या खेड्यातून तिची आई तिला घेऊन नवनगरला आली, चार घरची कामं करून हिला शिकवलं, आणि मामंजींनी तिला फुकट टायपिंग शिकवलं. ती खोटं बोलली तर मला कळतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात.

"कोणी नाही, मॅडम," ती म्हणाली. पाळ्या लाल झाल्या.

९ सप्टेंबर, शनिवार

महेश. हे आधी कसं सुचलं नाही? सरिताचा ठरलेला नवरा. कधीकधी मोटारसायकलवरून तिला सोडतो आणि फाटकाशी उभा राहून सिगारेट ओढतो. हुबळीला देशपांडे नगरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या! मी त्याला चहा पाजला आहे.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

सरिताला काढलं.

आज पेटी पुन्हा कोरी, आणि सगळं भरूनही दुपारपर्यंत नेट आलं नाही. घाईत मी ठिपका पुन्हा गाळला होता. काम उशिरा गेलं. वरद चिडला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. थंडपणे म्हणाला, "काकू, आणखी एकदा असं झालं तर वरच्यांना मला सांगावंच लागेल."

मी तडक खोलीत आले आणि सगळ्यांदेखत सरिताला विचारलं, महेशला आत घेतेस का. तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "महेश ह्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही." मी म्हटलं, मग राख कुणाची? सकाळी कोण येतं? ती गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. ज्याच्याकडे उत्तर असतं तोच असा गप्प बसतो.

किल्ली टेबलावर ठेवून ती निघाली. दाराशी वळून एवढंच म्हणाली, "सरांना सांगा, मला बरं नाही म्हणून येत नाही." स्वतःची चोरी मामंजींना कळू नये ही धडपड. फाटकाबाहेर महेश होता. मी त्यालाही सुनावलं, की पुन्हा ह्या घराकडे फिरकू नकोस, काय करतोस ते मला कळलंय. रस्त्यावरची चार माणसं थांबून बघत होती.

मामंजींनी रात्री विचारलं, "सरिता दिसली नाही दुपारपासून." मी म्हटलं, ताप आलाय. ते म्हणाले, "बघून ये की एकदा. पोर गुणी आहे." मी पानावरून उठले.

तरी बरं वाटतंय. आता निदान भीती संपली.

१९ सप्टेंबर, मंगळवार

संपली नाही.

सकाळी किल्ली देवघरातून मी घेतली, कुलूप मी उघडलं. कोणी आत येणं शक्यच नाही. दिवा विझलेला. पेटी कोरी. टेबलावर राख.

मी तिथेच भिंतीला पाठ लावून उभी राहिले. सरिता नवनगरात. महेश हुबळीत. दोन्ही किल्ल्या घरात. मग कोण?

काय काय मनात येतं ते लिहून टाकते. हे गेल्यावर त्यांची खुर्ची मी ह्याच खोलीत ठेवली होती, ती टायपरायटरबरोबर भंगारात दिली. ते रोज दोन सिगारेटी ओढायचे, मामंजींपासून लपून. मी देवभोळी नाही, पण आज अंघोळीला गेले ती दार उघडं ठेवून.

दुसरं ह्याहून वाईट. मीच तर नसेन? झोपेत उठून मीच ते पुसत असेन तर? डोकं फिरल्याचं ज्याचं फिरतं त्याला कळतं कुठे?

आणि सरिताचं काय, हा विचार दार ढकलतोय. मी आतून धरून ठेवलंय.

२३ सप्टेंबर, शनिवार. घटस्थापना

आजही. मामंजी पहाटेच उठून घट बसवत होते. मला बघून म्हणाले, "चेहरा किती उतरलाय गं. नवरात्रात मी रोज सांगतो देवीला." मी म्हटलं, सांगा.

२५ सप्टेंबर, सोमवार

काल रविवारीही, आजही. आता वार राहिलेला नाही, रोज आहे. मी जेवढी घाबरते तेवढं ते वाढतं. कुत्र्यासारखं त्याला माझ्या भीतीचा वास येतो.

उद्या खोलीतच लपणार. मामंजींना सांगते की फुलांना सुभाष रोडला जाते, आणि मागच्या दारानं आत. किल्ली खिळ्यालाच ठेवते, पुढचं कुलूप तसंच, खोलीच्या मागच्या दाराची आतली कडी तेवढी रात्री काढून ठेवते. मेलं तर मेलं, पण बघून मरीन.

२६ सप्टेंबर, मंगळवार

दोनदा लिहायला बसले आणि उठले. आता लिहिते.

कपाटामागे उभी होते. पदर तोंडात धरला होता, श्वास ऐकू जाऊ नये म्हणून. कुलूप हललं. दार हळूच उघडलं. आणि उंबऱ्याबाहेर कोणीतरी चपला काढल्या. चोर चपला काढतो का, हे माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यात मामंजी आत आले.

सोवळ्यात होते. एका हातात पेटलेली उदबत्ती, दुसरा हात तिच्याखाली धरलेला, राख सांडू नये म्हणून. आधी उंबऱ्याला वाकून हात लावला. मग पेटीसमोर उभे राहून त्यांनी उदबत्ती ओवाळली, आणि इकडे तिकडे न शोधता, अगदी सरावानं, तिची काडी पेटीच्या वरच्या तोंडातल्या त्या बारीक छिद्रात खोचली.

मी हवेसाठी समजले होते ते छिद्र. त्यांना वाटलं असणार, पेटी करणाऱ्यानंच उदबत्तीची सोय करून ठेवलीय. नाहीतरी उदबत्तीचं जुनं घर मी भंगारात दिलं होतं.

हात जोडून ते पेटीशी बोलले. देवाशी बोलतात तसं, अर्धं कानडी. "तायी, नम्म हुडगी, आमची पोर, फार घाबरते. जेवत नाही. पोरगा अर्ध्यात सोडून गेला तिला. मी शब्द मोडून येतो, त्याचं काय ते पाप मला लाव. तिला एवढं यश दे."

पेटीचे सगळे दिवे एकदम विझले. मग एकेक करून पुन्हा लागले. फक्त शेवटचा लागला नाही. मामंजींनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांना वाटलं, तिनं ऐकलं. उदबत्ती काढून घेतली, पुन्हा नमस्कार केला, चपला घातल्या, गेले.

मी खाली बसले. आधी हसू आलं, तोंडात पदर होता म्हणून बरं. मग ते हसू राहिलं नाही. पहिल्यांदा फक्त शुक्रवारी, देवीचा वार म्हणून. मग माझा उतरलेला चेहरा बघून मंगळवारीही. मी जेवेनाशी झाले तेव्हा रोज. ते माझ्यासाठी येत होते आणि मी त्यांना भीत होते.

पुस्तक काढलं. अगदी शेवटच्या पानावर, त्रिकोणाखाली आहे: ह्या छिद्रात टोकदार वस्तू घालून थोडा वेळ दाबून धरल्यास पेटी कारखान्यातून आली तशी कोरी होईल. मी ते पान वाचलंच नव्हतं. दिवा हिरवा झाला आणि मी पुस्तक मिटलं.

मामंजी येतात हे सरिताला ठाऊक होतं. नळावरून माठ घेऊन परतताना तिनं त्यांना बघितलं असणारच.

२७ सप्टेंबर, बुधवार

नवनगर. सरिताच्या आईनं, तानूबाईंनी, दार उघडलं, मला बसा म्हटलं नाही. सरितानं चटई घातली.

मी सगळं सांगितलं. उदबत्तीचं सांगितल्यावर तिनं तोंडावर हात घेतला. त्यानं पेटी कोरी होते हे तिलाही माहीत नव्हतं. "सर येत होते ते ठाऊक होतं, मॅडम. पहिल्याच दिवशी बघितलं मी. त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, लक्ष्मीला सांगू नको, मी शब्द दिलाय तो मोडतोय."

"अगं, पण मी तुला चोर म्हटलं. तेव्हा तरी बोलायचंस की."

"सर कुणाकडं कधी काही मागत नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "माझ्याकडं एवढंच मागितलं."

मग तानूबाई बोलल्या, भिंतीकडे बघून. "तुमचं झालं बाई. आमचं काय? रस्त्यावर बोललात तुम्ही. महेशच्या घरच्यांना कळलं, पोरीला चोरीवरून काढलं म्हणून. साखरपुडा दसऱ्याला होता. थांबवलाय त्यांनी."

मी तिथूनच हुबळीला गेले, महेशच्या घरी. त्याच्या आईवडिलांसमोर सांगितलं की चूक माझी, ह्या दोघांचा काही दोष नाही. त्यांनी चहा दिला. शांतपणे ऐकून घेतलं. वडील म्हणाले, "बघू. दसरा होऊन जाऊ दे." महेश बाहेर अंगणात होता. तो आत आला नाही.

परतताना सरिताला पुन्हा विचारलं, येशील का. तिनं उलट विचारलं, "सरांना तुम्ही काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"मग येते."

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काल सुभाष रोडवरून पितळी उदबत्तीचं घर आणलं. जुन्यासारखं नाही मिळालं, त्याला मोर आहे. पेटीखालच्या टेबलावर ठेवलं. आणि छिद्रावर जाड चिकटपट्टी लावली, दुहेरी. आज सकाळी राख मोराच्या पायाशी होती. दिवे पाचही हिरवे.

वरदलाही खरं सांगितलं, मधल्या दिवसांचं, माझ्या खोट्यासकट. बाहेरचं कोणी आत आलं नव्हतं एवढंच त्यानं नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "मला लिहून पाठवा काकू, तांत्रिक बिघाड म्हणून." रात्री फोन आला. काम मिळालं, पण सहाच महिन्यांचं. त्या उशिरा गेलेल्या दिवसामुळे.

१ ऑक्टोबर, रविवार. खंडेनवमी

आज मी मामंजींना म्हटलं, "मशीनची पूजा तुमच्याशिवाय कोण करणार? शब्द आजच्या दिवस बाजूला ठेवा." त्यांनी थोडे आढेवेढे घेतले. मग चपला काढून उंबरा ओलांडला, आणि पहिल्यांदाच आल्यासारखं चहूकडे बघितलं. मीही पहिल्यांदाच दाखवल्यासारखं दाखवलं. हा कॉम्प्युटर, हा प्रिंटर, आणि ही ती पेटी. "हीच होय?" ते म्हणाले. नाटकात आम्ही दोघं सारखेच वाईट.

सरिता आली होती. बसनं. मामंजींना इतका आनंद झाला. "ताप उतरला काय गं? किती वाळलीस. महेश कुठाय, सोडायला नाही आला?" ती म्हणाली, काम आहे सर त्याला. आणि हळदीकुंकवाचं ताट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, उदबत्ती मोरात खोचली. मग पेटीकडे बोट दाखवून सरिताला सांगायला लागले, मला ऐकू जाईल अशा बेतानं. "तू नव्हतीस तेव्हा हिनं फार छळलं आमच्या लक्ष्मीला. पण मी देवीला रोज सांगत होतो. श्रद्धेनं सांगितलं की ऐकते. आता बघ कशी शांत आहे. कुणाचं काही वाईट झालं नाही."

मी जमिनीकडे बघत होते. सरिताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"होय सर," ती म्हणाली. "कुणाचं काही वाईट झालं नाही."

जेवून ती गेली. मामंजी तिच्यासोबत फाटकापर्यंत गेले आणि बस येईपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले.